नेटची कंपनी बदला, पण ईमेलचा पत्ता सांभाळून

मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर जानेवारी २०११ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून बऱ्याच जणांची समजूत अशी, की ईमेलचंही तसंच होत असेल. तसं होत नाही. ईमेलला पोर्टिंग नाही. इंटरनेट कंपनीने दिलेला पत्ता त्या कंपनीच्या नावावर चालतो आणि लाईन सरेंडर केली की तो कधीही बंद होऊ शकतो. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या लेटरहेडवर, मेन रोडवरच्या जुन्या पेढ्यांच्या बिलबुकावर, डॉक्टरांच्या पाट्यांवर अजून संचारनेट, डेटावन, व्हीएसएनएल या जुन्या इंटरनेट सेवांचे पत्ते दिसतात. त्यातले काही केवळ छापलेले उरलेत, काहींवर मात्र आजही बँकेची स्टेटमेंटं आणि आयकराच्या नोटिसा येतात. तांब्याच्या तारेची लाईन काढून फायबर घेताना, किंवा केबलवाल्याचं नेट सोडून मोठ्या कंपनीकडे जाताना, या पत्त्याचं काय करायचं ते आधी ठरवा. लाईन तोडायचा अर्ज सगळ्यात शेवटी द्यायचा.

आधी पत्ता कोणाचा आहे ते बघा

पत्त्यात @ च्या पुढे काय लिहिलंय त्यावर सगळं अवलंबून आहे.

तिथे जीमेल, याहू, आउटलुक किंवा रेडिफमेल असेल तर नेट कोणाचंही घ्या, पत्ता जात नाही. फक्त एक गोष्ट तपासा. मेल ब्राउझरमध्ये न उघडता कॉम्प्युटरवरच्या आउटलुक किंवा थंडरबर्ड या प्रोग्राममध्ये उघडत असाल, तर जाणाऱ्या मेलचा सर्व्हर जुन्या इंटरनेट कंपनीचा भरलेला असू शकतो. पूर्वी लाईन जोडायला आलेली माणसं सर्रास तसं करून द्यायची. तो सर्व्हर बहुधा आपल्याच लाईनवरून आलेलं मेल स्वीकारतो. नवी लाईन लागली की मेल येत राहतं पण जात नाही, आणि ५५० नंबरची एरर दिसते, तिच्यात ‘रिले’ असा शब्द असतो. अशा वेळी पासवर्ड बदलून काही होत नाही. जाणाऱ्या मेलसाठी तुमच्या मेल सेवेचाच सर्व्हर भरा, पोर्ट ५८७ किंवा ४६५ ठेवा, सुरक्षित जोडणी चालू करा आणि युजरनेम म्हणून पूर्ण ईमेल पत्ता द्या. जुन्या सेटिंगमध्ये पोर्ट २५ असेल तर ते काढाच, कारण घरगुती लाईनवर अनेक कंपन्या ते बंद ठेवतात.

ऑफिसात हीच सेटिंग आणखी तीन ठिकाणी दडलेली असते: स्कॅन करून थेट मेल करणारं झेरॉक्स मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि बिलं मेल करणारं अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर. ही यंत्रं बंद पडल्याचं लवकर लक्षात येत नाही. म्हणून लाईन बदलली त्याच दिवशी प्रत्येकातून एक मेल पाठवून बघा.

@ च्या पुढे तुमच्या फर्मचं नाव असेल, तर पत्ता टिकेल. पण ते डोमेन, म्हणजे @ च्या पुढचं नाव, खरंच तुमच्या नावावर आहे का? वेबसाईट करून देणाऱ्याने डोमेन स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या मेलवर नोंदवलेलं असतं आणि मालकाला ते वर्षानुवर्षं माहीत नसतं. त्याने व्यवसाय बंद केला किंवा भांडण झालं की पत्ता अडकतो. डोमेन कोणत्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) आहे, लॉगिन कोणाकडे आहे, मुदत कधी संपते, हे आजच विचारून घ्या. शक्य असेल तर डोमेन स्वतःच्या खात्यात घ्या. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेताना लॉक काढून ‘ऑथ कोड’, म्हणजे हलवायच्या परवानगीचा कोड, मागावा लागतो. डॉट कॉमसारखी नावं नोंदणीनंतर किंवा एकदा हलवल्यावर ६० दिवस पुन्हा हलवता येत नाहीत, तेव्हा हे काम घाईच्या वेळेवर ठेवू नका.

आणि @ च्या पुढे इंटरनेट कंपनीचंच नाव असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

दोन्ही लाईन काही महिने बरोबर चालवा

निदान तीन महिने. याचं कारण असं, की काही मेल महिन्याला येतात, काही तिमाहीला. विम्याच्या हप्त्याची आठवण, म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट, डिव्हिडंड हे सगळं पहिल्या आठवड्यात दिसत नाही. जुन्या लाईनवर सगळ्यात स्वस्त प्लॅन घ्या आणि तेवढा खर्च पत्ता बदलण्याचा म्हणून धरा.

जुन्या कंपनीला चार प्रश्न लेखी विचारा, म्हणजे त्यांच्याच ईमेलवर किंवा तक्रार नंबर घेऊन. कनेक्शन बंद झाल्यावर मेलबॉक्स किती दिवस चालू राहील? केवळ ईमेल ठेवण्याचा काही प्लॅन आहे का? येणारं मेल दुसरीकडे फॉरवर्ड करायची सोय आहे का, आणि ती कनेक्शननंतर चालेल का? बंद झालेला पत्ता पुढे दुसऱ्या ग्राहकाला देता का? काउंटरवरच्या माणसाने तोंडी सांगितलेल्या ‘चालू राहील’वर विसंबून राहू नका.

वेळही नीट निवडा. पिंपळगाव-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्ष निर्यातदारांनी जानेवारी ते एप्रिल या पत्त्याला हात लावू नये, कारण युरोपातल्या खरेदीदाराचं मेल एका दिवसाने चुकलं तरी कंटेनरचा घोळ होतो. सीएच्या ऑफिसने मार्च आणि जुलै टाळावेत. बाकीच्यांना कुठलाही निवांत महिना चालेल.

जुनं मेल उतरवून घ्या

ही पायरी लोक टाळतात आणि नंतर हळहळतात. मेलबॉक्स बंद झाला की आतलं मेल परत मिळत नाही.

थंडरबर्ड हा मोफत प्रोग्राम यासाठी पुरेसा आहे. सर्व्हरवरचं मेल उतरवायच्या आयमॅप आणि पॉप अशा दोन पद्धती असतात. त्यात जुनं खातं जोडताना आयमॅप मिळत असेल तर तेच निवडा, पोर्ट ९९३. आयमॅपमध्ये सगळे फोल्डर दिसतात, ‘सेंट’सुद्धा. जुन्या कंपन्यांच्या काही सर्व्हरवर केवळ पॉप चालतं, पोर्ट ९९५. पॉप फक्त इनबॉक्स आणतं. तुम्ही पाठवलेली मेल त्यातून येत नाहीत, ती ज्या कॉम्प्युटरवरून पाठवली तिथेच पडून असतात. म्हणून जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी त्यातलं आउटलुक उघडून बघा.

पॉप वापरताना पहिल्या ‘गेट मेसेजेस’च्या आधी सर्व्हरवर मेल राहू देण्याची खूण करा आणि तिच्याखालची ‘इतक्या दिवसांपर्यंतच’ ही खूण काढा. नाहीतर मेल कॉम्प्युटरवर येतं आणि सर्व्हरवरून पुसलं जातं. त्यात डिस्क गेली तर काहीच हाती राहत नाही.

मग प्रत्येक फोल्डर उघडून मेल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करा. ‘मूव्ह’ करू नका. कॉपी अर्धवट राहिली तर मूळ प्रत जागेवर असायला हवी. एकदम दहा हजार मेल निवडली की जोडणी मध्येच तुटते, आणि कुठपर्यंत आलं ते कळत नाही. पाचशे-पाचशेच्या टप्प्यांनी करा. शेवटी दोन्हीकडच्या फोल्डरमधली मेलची संख्या जुळवा, आणि अटॅचमेंट असलेली चार-पाच जुनी मेल नेट बंद करून उघडा. नेटशिवाय उघडली तरच ती खरी उतरली.

बॅकअप पेनड्राइव्हवर घेताना एक अडचण हमखास येते. थंडरबर्ड सहसा एका फोल्डरची एकच मोठी फाईल करतो. ती ४ जीबीच्या वर गेली आणि पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर जागा शिल्लक असूनही फाईल बसत नाही. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. आउटलुक वापरणाऱ्यांनी ‘एक्स्पोर्ट’ करून पीएसटी फाईल (आउटलुकची मेल साठवायची फाईल) घ्यावी आणि ती दुसरीकडे नेताना आउटलुक बंद ठेवावं. आउटलुक २००३ च्या आधीच्या आवृत्त्यांची पीएसटी २ जीबीला पोचली की बिघडते, ती फाईल तेवढी झाली असेल तर आधी तिचे भाग करा.

जुनं मेल नव्या खात्यात चढवायचं असेल तर दोन्ही खाती थंडरबर्डमध्ये जोडून एकातून दुसऱ्यात कॉपी करता येतं. मात्र गूगल आयमॅपने दिवसाला सुमारे ५०० एमबीच चढवू देतं. ६ जीबी मेल असेल तर बारा दिवस धरा. मर्यादा ओलांडली की खातं काही तास अडतं, पण काही हरवत नाही. जीमेलमध्ये दुसऱ्या खात्यातून पॉपने मेल ओढून घ्यायची सोय पूर्वी होती. ती जानेवारी २०२६ पासून बंद करण्याचं गूगलने जाहीर केलं, त्यामुळे ती वापरायला सांगणारी जुनी मार्गदर्शनं बाजूला ठेवा.

कॉन्टॅक्ट्स वेगळे उतरवावे लागतात. वेबमेलमधून सीएसव्ही फाईल मिळते. ती एक्सेलमध्ये उघडून तशीच सेव्ह केली तर मराठी नावांच्या जागी चिन्हांचा कचरा होतो आणि लांब नंबरांची मोडतोड होते. फाईल न उघडता थेट नव्या खात्यात आयात करा. बदल करायचेच असतील तर सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा.

नवा पत्ता असा घ्या की पुन्हा बदलायला नको

घरच्या वापराला जीमेल किंवा तत्सम मोफत खातं ठीक आहे. एवढं लक्षात ठेवा की दोन वर्षं वापरलं नाही तर गूगल खातं पुसू शकतं, आणि १५ जीबीची जागा फोटो, ड्राइव्ह आणि मेल मिळून आहे. फोटोंनी जागा भरली की येणारं मेल परत जायला लागतं.

दुकान, दवाखाना, कारखाना, वकिली, निर्यात यांपैकी काही असेल तर आमचा सल्ला ठाम आहे: स्वतःचं डोमेन घ्या. वर्षाला साधारण पाचशे ते हजार-दीड हजार रुपयांत डॉट इन किंवा डॉट कॉम मिळतं. मेल कोणाच्या सर्व्हरवर ठेवायचं ते वेगळं. आज एका कंपनीकडे, उद्या दुसरीकडे, पण पत्ता तोच राहतो. पत्ता खऱ्या अर्थाने आपला होण्याचा हा एकच मार्ग आहे.

नाव आखूड घ्या, मध्ये आडवी रेघ नको, फोनवर एकदा सांगितलं की लिहिता यावं. नावात नाशिक असेल तर इंग्रजी स्पेलिंगकडे लक्ष द्या. आपल्या शहराचं नाव एच घालूनही लिहितात आणि एचशिवायही. दोन्ही डोमेनं घ्या आणि एकावरचं मेल दुसऱ्यावर वळवा. ते जमणार नसेल तर डोमेनमध्ये शहराचं नाव नकोच.

मेल चालू करताना डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे रजिस्ट्रारकडच्या खात्यात बहुधा दिसणाऱ्या डोमेनच्या नोंदवहीत, चार नोंदी लागतात. एमएक्स ही नोंद येणारं मेल कुठे टाकायचं ते सांगते. एसपीएफमध्ये तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणाला आहे ते असतं. डीकेआयएम प्रत्येक मेलवर सही करतं. डीमार्कमध्ये, खोटं मेल आलं तर समोरच्याने काय करावं ते लिहिलेलं असतं. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने याबाबत कडक नियम लावले आहेत, आणि या नोंदी नसतील तर तुमची कोटेशनं गिऱ्हाइकाच्या स्पॅममध्ये जातात. नेहमीची चूक म्हणजे एसपीएफच्या दोन नोंदी करणं: एक वेबसाईटवाल्याने केलेली, एक मेल सेवेची. दोन असल्या की दोन्ही निकामी होतात. एकाच नोंदीत दोघांची नावं घाला. चालू डोमेनचं मेल हलवत असाल तर आदल्या दिवशी एमएक्सचा टीटीएल (जुनी नोंद किती सेकंद धरून ठेवायची तो आकडा) ३६०० वरून ३०० वर आणा, म्हणजे बदल काही मिनिटांत पसरतो. जुना मेलबॉक्स त्यानंतरही काही दिवस उघडून बघत राहा.

डोमेनच्या खात्याला संपर्काचा मेल म्हणून त्याच डोमेनचा पत्ता देऊ नका. मुदत संपून मेल बंद पडलं तर मुदत वाढवण्याचा निरोपही त्याच बंद पत्त्यावर जाईल. जीमेलचा पत्ता आणि मोबाईल द्या. ऑटो रिन्यूवरही भरवसा नको, कारण ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम बदलले आणि परदेशी रजिस्ट्रारकडचे कार्डाचे हप्ते वारंवार अडकतात. एकदम पाच वर्षांचे पैसे भरून टाका.

फॉरवर्डिंगवर किती विसंबायचं

जुनी कंपनी फॉरवर्ड करू देत असेल तर जरूर लावा, पण तेवढ्यावर थांबू नका. बँक ज्या सर्व्हरवरून मेल पाठवते ते तिच्या एसपीएफमध्ये असतात, आणि फॉरवर्ड झालेलं मेल येतं जुन्या इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरवरून. वाटेत डीकेआयएमची सही बिघडली असेल आणि बँकेचा डीमार्क कडक असेल, तर जीमेल ते मेल स्वीकारतच नाही. म्हणजे मित्रांची मेल पोचतात आणि नेमकी बँकेची गळतात. आठवड्यातून दोनदा जुना मेलबॉक्स थेट उघडा.

आपोआप उत्तर लावायचं असेल तर दोन ओळी पुरेत: हा पत्ता अमुक तारखेला बंद होईल, नवा पत्ता हा. ते उत्तर स्पॅमवाल्यांनाही जातं, त्यामुळे त्यात मोबाईल नंबर लिहू नका.

कुठे कुठे पत्ता बदलायचा

यादी आठवून करू नका, शोधून करा. जुन्या मेलबॉक्समध्ये वेलकम, व्हेरिफाय, पासवर्ड, स्टेटमेंट, इन्व्हॉइस, ओटीपी हे शब्द इंग्रजी स्पेलिंगने शोधा. मग क्रोममधली साठवलेल्या पासवर्डांची यादी उघडून त्यात जुना पत्ता शोधा. जिथे जिथे तो युजरनेम आहे ती सगळी ठिकाणं एका पानावर दिसतात.

क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक ठिकाणी पत्ता बदलताना ओटीपी किंवा निदान सूचना जुन्या पत्त्यावर जाते, म्हणून जुना मेलबॉक्स जिवंत असतानाच हे उरकायचं. सुरुवात मोबाईलपासून करा: बँक आणि सरकारी पोर्टलवर चालू नंबर आहे ना? काहींनी तिथे घरचा लँडलाईन दिलेला असतो, आणि लाईनबरोबर तोही जाणार असतो.

मग पैशाची खाती: बँका, डीमॅट, म्युच्युअल फंड, विमा, पीएफ. त्यानंतर आयकर. ई-फायलिंग पोर्टलवर प्रोफाईलमध्ये पत्ता बदलता येतो, पण पॅनच्या मूळ नोंदीतला ईमेल वेगळा असतो आणि तो पॅन दुरुस्तीच्या अर्जानेच बदलतो. दोन्ही करा. जीएसटीत ईमेल हा ‘नॉन-कोअर’, म्हणजे किरकोळ, बदल आहे: रजिस्ट्रेशनच्या दुरुस्तीत प्रोप्रायटर किंवा भागीदारांच्या भागात जाऊन नवा पत्ता भरायचा आणि त्यावर आलेला ओटीपी द्यायचा. हे खातं तुमच्या कर सल्लागाराच्या मेलवर असण्याचीही शक्यता आहे, तेही आत्ताच बघून घ्या. निर्यातदारांना आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) दरवर्षी एप्रिल ते जून या काळात अद्ययावत करावीच लागते, त्याच वेळी ईमेल बदला. अपेडाच्या (शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या) नोंदणीतला पत्ता मात्र वेगळा बदलावा लागतो.

आधारमधला ईमेल बदलायला आधार केंद्रात जाता येतं. वीजबिल, घरपट्टी, गॅस, रेल्वे तिकीट ही कामं मोबाईलवरून पाच-पाच मिनिटांची आहेत.

एक गोष्ट बरेच जण विसरतात. जीमेल, ॲपल, फेसबुक यांना ‘रिकव्हरी’साठी हाच जुना पत्ता दिलेला असतो. पुढे तो पत्ता दुसऱ्या कोणाला मिळाला, तर तुमच्या खात्याचा पासवर्ड बदलण्याची लिंक त्याच्या हातात पडेल.

छापील कागद शेवटी बदला: पाटी, लेटरहेड, बिलबुक, गूगल मॅपवरची दुकानाची नोंद. दुकानाच्या जुन्या पाटीवर नव्या पत्त्याचं स्टिकर चालेल, बिलबुक संपेपर्यंत रबरी शिक्का चालेल.

लाईन सरेंडर करताना

शेवटच्या तीस दिवसांत जुन्या पत्त्यावर आलेल्या मेलची यादी करा. त्यात जाहिराती सोडून काही उरत नसेल तरच अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या, मोडेम किंवा ओएनटी (फायबरचा मोडेम) परत केल्याची सही-शिक्क्याची पावती घ्या, डिपॉझिट कोणत्या खात्यात येणार ते लिहून घ्या. डिपॉझिटचा निरोप ते जुन्या ईमेलवर पाठवतील, म्हणून अर्जात नवा पत्ता स्पष्ट लिहा.

लाईन आधीच तुटली असेल तर त्याच दिवशी कंपनीकडे जा. खातं पुसायच्या आत तोच ग्राहक क्रमांक पुन्हा चालू करून मिळाला, तर मेलबॉक्सही बहुधा परत उघडतो, आणि त्यासाठी महिनाभराचं भाडं भरणं परवडतं. ते झालं नाही तर बँकेत ओळखपत्र आणि केवायसीचा अर्ज घेऊन शाखेत जाऊनच ईमेल बदला. सरकारी पोर्टलवर मोबाईल किंवा आधारच्या ओटीपीने आत शिरता येतं का ते बघा. पासवर्ड आठवत असेल तिथे लॉगिन करून लगेच नवा पत्ता भरा. ब्राउझरमध्ये आधीच लॉगिन असलेली खाती आधी घ्या, आणि ती होईपर्यंत त्या कॉम्प्युटरवर ब्राउझरची हिस्टरी किंवा कुकीज साफ करू नका.